बहराची राखण

फेब्रुवारीच्या शेवटी वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात गाव दिसायच्या आधी वास येतो. आंबिया बहर फुटलेला असतो. डिसेंबरात पाणी तोडून बागेला ताण दिलेला, पानं मलूल होऊन गळू लागली की जानेवारीत हलकं पाणी सोडून ताण तोडलेला, आणि मग काही आठवड्यांत काडीकाडीवर पांढऱ्या कळ्यांचे घोस. संपादकांनी या अंकासाठी विषय दिला होता ‘चव’. मी तो विषय घेऊन संत्र्याच्या बागेत गेले, कारण मला पाखरांच्या चवीबद्दल लिहायचं होतं. बहरलेल्या झाडावर कोणतं पाखरू काय खातं, काय टाळतं आणि हे ठरवतं कोण, हे पाहायचं होतं.

बागेच्या बांधावर पळस होते आणि टोकाला एक जुनी काटेसावर. पाखरांचा सगळा गलका बांधावर होता. पळसावर पोपटांचा थवा उतरलेला. त्यातली एक मादी मी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिली. ती फांदीवरून सरकत जाई, एक फूल देठापाशी तोडी, पायात धरी, काळपट मखमली पुष्पकोशाकडून चावा घेई, तळाशी साचलेला रस जिभेनं टिपून घेई आणि फूल टाकून देई. झाडाखाली केशरी सडा पडला होता. उचलून पाहिलेल्या बहुतेक फुलांचा बुडखा चिरडलेला, पाकळ्या मात्र धड. त्याच झाडावर जांभळा शिंजीर आपली बाकदार चोच समोरून घालून रस पीत होता आणि त्याच्या कपाळाला पराग लागलेले स्पष्ट दिसत होते. पळसावर नाना जातींची पाखरं येतात, पण परागीभवनाचं काम मुख्यतः हा शिंजीरच करतो, असं दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिलं आहे. पोपट रस घेतो आणि फूल मोडतो, म्हणजे झाडाच्या दृष्टीनं तो निव्वळ तोटा.

खाली पडलेली एक पाकळी मी चावून पाहिली. आधी काहीच नाही, मग गालांच्या आतून ओढ बसली. तुरट. आयुर्वेदात या फुलाचा रस कषाय सांगितला आहे, आणि होळीला ज्यामुळं पाण्याला केशरी रंग चढतो ती ब्युट्रिनसारखी द्रव्यंही या पाकळ्यांतलीच. गोडवा सगळा तळाच्या थेंबात.

बागेचे मालक साठीपुढचे. मी विचारलं, “काकाजी, हे पोपट संत्र्याच्या फुलावर येत नाहीत का?”

“नाही येत ताई. फुलाले तोंडच नाही लावत. फुलावर मधमाशी, अन् हा बारका शिंजीर. पोपटाचं काय, फळ पिवळं झालं का येते. पण आमाले पाखराईपेक्षा रस पेनाऱ्या पतंगाचा तरास जास्त.”

उन्हाळ्याच्या तोंडावर पाखरांना साखर हवी असते, पाणी हवं असतं. तरी एका बांधाच्या अलीकडं आणि पलीकडं एवढा फरक. फुलाची ठेवण, त्याचा आकार, चोचीची लांबी, हे सगळं त्यात आहेच. पण त्याच्या बुडाशी रसायनांचा खेळ आहे. फळझाडाच्या बहरावर तो बारकाईनं तपासला गेला इंग्लंडात, नाशपातीच्या बागांमध्ये.

एका पाखरामागं एक पेनी

बुलफिंच हा चिमणीहून जरा थोराड पक्षी. डोकं काळं, नराची छाती गुलाबी-लाल, चोच आखूड आणि जाड. हिवाळा सरताना तो केंट परगण्यातल्या फळबागांत शिरतो आणि नाशपाती, प्लम यांच्या फुलकळ्या खातो. सुरुवात बहुधा कुंपणालगतच्या झाडांपासून. कळी तोडायची, चोचीत फिरवून वरचे खवले सोलून टाकायचे आणि आतला कोवळा गाभा खायचा. हा वेग मिनिटाला तीस कळ्यांपर्यंत जातो. पानांच्या कळ्यांना तो सहसा विचारत नाही. नाशपातीच्या एकेका फुलकळीत फुलांचा अख्खा झुबका दडलेला असतो, तेव्हा एक जोडी सकाळभर बागेत बसली तर बागायतदाराच्या पोटात गोळा येणारच.

हे वैर जुनं आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात, १५६६ साली, इंग्लंडात एक कायदा झाला. त्यात फळझाडांचा बहर खाणाऱ्या पाखरांमध्ये बुलफिंचचं नाव घालून प्रत्येक मेलेल्या पाखरामागं एक पेनी इनाम ठेवलं होतं. हे पैसे गावच्या चर्चच्या कारभाऱ्यांनी द्यायचे. पुढं सुमारे चारशे वर्षं बागायतदारांचं उत्तर साधारण हेच राहिलं. पिंजरा लावा नाहीतर बंदूक झाडा.

१९६० च्या दशकात ऑक्सफर्डचे पक्षीशास्त्रज्ञ इयान न्यूटन यांनी या पाखराच्या पोटात काय काय जातं, हे महिन्यामहिन्याला पाहिलं. तेव्हा निराळंच चित्र समोर आलं. बुलफिंचचं हिवाळ्यातलं खरं अन्न बिया, त्यातही ॲश झाडाच्या. ज्या वर्षी ॲशला बिया भरघोस धरतात त्या वर्षी बागा बऱ्याच अंशी वाचतात. ज्या वर्षी ॲश रिकामा जातो त्या वर्षी पाखरू जानेवारीतच कळ्यांवर येतं. शिवाय नाशपातीच्या झाडाच्या निम्म्यापर्यंत कळ्या गेल्या तरी पुष्कळदा फळांच्या तोडणीत फरक पडत नाही, कारण झाड एरवीही आपली बहुतेक फुलं स्वतःच गाळतं. चार शतकं ज्याला वैरी मानलं, त्या पाखराच्या वागण्याची गुरुकिल्ली बागेबाहेरच्या रानझाडात होती. हे वाचलं तेव्हा मला न्यूटन यांच्याबद्दल फार आदर वाटला. त्यांनी बागायतदाराचं नुकसान नाकारलं नाही आणि पाखरालाही गुन्हेगार ठरवलं नाही.

पण एक गोष्ट तरीही सुटत नव्हती. एकाच बागेत, एकाच पाखराकडून, कॉन्फरन्स आणि विल्यम्स या जातींच्या नाशपाती ओरबाडल्या जात आणि कॉमिस ही जात तुलनेनं सुटे. कळ्या दिसायला सारख्याच. मग फरक कुठं?

ब्रिटनच्या कृषिखात्यातले पीटर ग्रेग-स्मिथ आणि त्यांचे सहकारी यांनी कळ्या थेट प्रयोगशाळेत नेल्या. नाशपातीच्या दोन जातींच्या कळ्यांमधली द्रव्यं आणि बुलफिंचची निवड यांची सांगड घालणारा त्यांचा निबंध १९८३ साली आला. साखर, प्रथिनं हे पाहिलंच, पण लक्ष गेलं ते फिनॉलिक वर्गातल्या द्रव्यांकडं. झाडं ही द्रव्यं बुरशी, कीड आणि चरणारी जनावरं यांच्यापासून बचावासाठी बनवतात. चहाच्या पानातला, कच्च्या केळ्यातला, जांभळातला तुरटपणा याच घराण्यातल्या द्रव्यांचा. पाखरू कळी सोलून गाभा तोंडात घेतं त्या क्षणी त्याच्या जिभेला ही रसायनं लागतात आणि पुढच्या कळीचा निर्णय तिथं होतो.

या धाग्यावरून पुढं काही ब्रिटिश शास्त्रज्ञ सिनॅमिक आम्लाच्या कुळातल्या द्रव्यांपर्यंत गेले. दालचिनीला वास देणाऱ्या द्रव्याचं हे जवळचं नातलग. त्यातून सिनॅमामाइड नावाचं एक द्रव्य पाखरांना परतवण्यासाठी पारखलं गेलं आणि तेलबियांच्या शेतात रानकबुतरांवरही त्याच्या चाचण्या झाल्या.

अमेरिकेत मिनेसोटाच्या बर्फाळ रानातही असंच काही हाती लागलं. तिथं रफ्ड ग्राउस नावाचा तित्तिराच्या कुळातला पक्षी हिवाळाभर ॲस्पेन झाडाच्या नरफुलांच्या कळ्यांवर जगतो. पण तो झाडं निवडतो. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या झाडांपैकी एकावर बसतो, दुसऱ्याला शिवत नाही. वॉल्टर जाकुबास आणि गॉर्डन गलियन यांनी त्याचं कारण शोधलं. टाळलेल्या झाडांच्या कळ्यांत कोनिफेरिल बेंझोएट हे द्रव्य जास्त होतं. आपण तिन्हीसांजेला धुपाटण्यात लोबान घालतो. त्यातल्या सयामी प्रकारच्या लोबानात हेच द्रव्य मुख्य असतं.

आपल्याला सुगंध, त्यांना झोंबणं

आता संत्र्याच्या बागेकडं येते. नारिंगाच्या कुळातल्या फुलांच्या सुगंधात अनेक द्रव्यं मिसळलेली असतात. त्यातलं एक मिथाइल अँथ्रानिलेट. मोगऱ्याच्या, जाईच्या वासातही ते असतं. अमेरिकेतल्या काँकॉर्ड द्राक्षाचा खास वास त्याचाच, म्हणून द्राक्षाच्या स्वादाची गोळी किंवा च्युइंगम बनवताना तेच घालतात. संत्र्याच्या बहरावरचा मध खरा की भेसळीचा हे ओळखायला प्रयोगशाळा ज्या खुणा पाहतात त्यात हे द्रव्य येतं, इतकं ते फुलाच्या रसात उतरलेलं असतं.

आपल्या नाकाला हे गोड. पाखराला मात्र ते झोंबतं. मॉर्ली केअर यांनी या घराण्यातल्या द्रव्यांचा पाखरं पळवण्यासाठी उपयोग होतो असं दाखवून १९६१ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं होतं. पुढं त्यावरून फवारे निघाले. ब्लूबेरी आणि चेरीच्या बागांवर ते मारतात, गवताळ मैदानांवर उतरणाऱ्या हंसांसाठीही. हे झोंबणं चवीच्या कळ्यांपुरतं नसतं. चोच, डोळे, नाक यांतून वेदना मेंदूकडं नेणारी जी मज्जातंतूंची शाखा आहे, तिला ते डिवचतं. कोंबडीच्या पेशींमधला नेमका कोणता ग्राहक (रिसेप्टर) या द्रव्यानं चेततो, हेही २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं.

याच्या नेमकं उलट उदाहरण आपल्या घराघरात आहे. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची कचाकच खातो आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही. मिरचीतल्या कॅप्सायसिनला ज्या ग्राहकावर बसावं लागतं, तो पाखरांमध्ये असा घडलेला असतो की कॅप्सायसिन त्याला कळतच नाही. २००२ मध्ये कोंबडीच्या ग्राहकावर हे सिद्ध झालं. मिरचीला बी चावून टाकणारा उंदीर नको असतो, बी अख्खं गिळून दूर नेणारं पाखरू हवं असतं. माणसाला जे आग लावतं ते पाखराला काहीच वाटत नाही, आणि माणसाला जे अत्तर वाटतं ते पाखराला डंख मारतं. शेतकऱ्यानं आपल्या जिभेवरून पाखराची जीभ ओळखायला जाऊ नये, एवढं तरी या जोडीवरून कळतं.

पोपट संत्र्याच्या फुलाला तोंड लावत नाही याचं सगळं श्रेय मी या एका द्रव्याला देणार नाही. फुलातलं त्याचं प्रमाण फवाऱ्याच्या मानानं अगदी थोडं असतं, आणि तो सुगंध मुळात मधमाशीसाठी आहे. त्या फुलाच्या रसात मधमाशीसाठी आणखी एक गोष्ट असते, कॅफिन. न्यूकॅसल विद्यापीठाच्या जेराल्डिन राइट यांनी २०१३ मध्ये दाखवलं की नारिंगवर्गीय आणि कॉफीच्या फुलांच्या रसातलं अत्यल्प कॅफिन मधमाशीच्या लक्षात त्या फुलाचा वास पक्का बसवतं. मधमाशी पुन्हा त्याच बागेत येते. बहराला जो पाहुणा हवा, त्याच्यासाठीच हे सगळं साधलेलं.

साखरेसाठी कात्री

दुपारकडं सावरीवर पळसमैना उतरल्या. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख आणि एकच कालवा. मध्य आशियातून येणारी ही पाखरं आपल्याकडं हिवाळा काढतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला परत फिरतात. खेड्यापाड्यांत त्यांना भोरड्या म्हणतात. सावरीच्या जाड लाल पेल्यात एकेक भोरडी डोकं गळ्यापर्यंत बुडवत होती आणि वर काढलं की चोचीवरून रस ओघळत होता. साळुंक्या, कावळे, बुलबुल सगळेच त्या झाडावर. सलीम अलींनी १९३२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातल्या फुलांवर येणाऱ्या पाखरांवर दीर्घ लेख लिहिला होता. सावर, पांगारा, पळस ही झाडं कोणत्याही पक्षीनिरीक्षकाला पाठ का असतात, हे फेब्रुवारीत अशा एका झाडाखाली उभं राहिलं की कळतं.

साळुंकी आणि भोरडी एकाच कुळातल्या. या कुळाची एक शारीरिक अडचण आहे. आपण चहात घालतो ती साखर म्हणजे सुक्रोज. तिच्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हे दोन घटक जोडलेले असतात. ती आतड्यातून रक्तात जायची तर आधी हा जोड कापावा लागतो, आणि ही कात्री म्हणजे सुक्रेज नावाचं विकर. साळुंकीच्या कुळात ही कात्रीच नाही. कार्लोस मार्टिनेझ डेल रियो यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी युरोपातल्या मैनेवर, म्हणजे स्टार्लिंगवर, हे दाखवलं. सुक्रोजचं पाणी पाजलं तर या पाखरांना ते पचत नाही, जुलाब होतात आणि ती त्या चवीला टाळायला शिकतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे असले तर मात्र खुशाल पितात. शिंजीराला ही अडचण नाही. त्याला दोन्ही साखरा उत्तम पचतात.

झाडांनीही हे जणू ओळखलेलं आहे. कॅलिफोर्नियातले हर्बर्ट आणि आयरीन बेकर हे दांपत्य वर्षानुवर्षं जगभरच्या फुलांतला रस तपासत होतं. पांगाऱ्याच्या वंशात त्यांना स्वच्छ विभागणी दिसली. अमेरिका खंडातले बहुतेक पांगारे गुंजनपक्ष्यांसाठी फुलतात आणि त्यांच्या रसात सुक्रोज भरपूर. आपल्याकडचे आणि आफ्रिकेतले पांगारे साळुंकी-बुलबुलांसारख्या बसून पिणाऱ्या पाखरांसाठी फुलतात आणि त्यांच्या रसात सुट्या साखरा जास्त.

पाखरांना मुळात गोड कळतं तरी कसं, हाही एक नवलाचा भाग आहे. गोडाची चव ओळखणाऱ्या ग्राहकाचा एक अर्धा भाग पाखरांच्या पूर्वजांनी केव्हाच गमावला. कोंबडीला म्हणूनच साखरेचं सोयरसुतक नसतं. पण गुंजनपक्ष्यांनी मांसल चव ओळखणारा ग्राहक बदलून गोडासाठी वापरात आणला, हे मॉड बॉल्डविन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, आणि गाणाऱ्या पाखरांच्या पूर्वजांनीही स्वतंत्रपणे तेच केलं, हे २०२१ मध्ये. म्हणजे सावरीच्या पेल्यात बुडालेल्या त्या बुलबुलाची जीभ फार जुन्या काळी डागडुजी केलेली आहे.

कडू रस

सगळाच रस गोड असतो असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत कोरफडीची एक जात आहे, तिच्या फुलातला रस काळपट आणि चक्क कडू, फिनॉलिक द्रव्यांनी भरलेला. मधमाश्या आणि शिंजीर तो चाखून सोडून देतात. बुलबुल मात्र निवांत पितात, आणि त्यांच्याच डोक्याला पराग लागून फुलाचं काम होतं. स्टीव्हन जॉन्सन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००६ सालचा. पराग न नेता रस चोरणाऱ्यांसाठी कडवटपणा, आणि कामाच्या पाखराला तो कडवटपणा चालतो. तो आफ्रिकी बुलबुल आपल्या लालबुड्या बुलबुलाच्याच वंशातला.

आपल्या जिभेसाठी

भोरड्यांचं नाव काढलं आणि काकाजींचा सूर बदलला. “आमच्या लहानपनी जवारी होती ना इकडं, तवा हेच पाखरू. माळ्यावर बसून गोफण मारा, डबे वाजवा. दिवसभर हाकलत राहा.”

मराठवाड्यात, सोलापुराकडं अजूनही कणीस भरताना राखण करावी लागते. ज्या पाखराला शेतकरी सावरीवर कौतुकानं पाहतो, त्यालाच ज्वारीवर शिव्या घालतो. आणि इथं मला नाशपातीच्या कळीची आठवण येते, कारण ज्वारीतही त्याच फिनॉलिक घराण्यातली रसायनं आहेत. गडद दाण्याच्या काही ज्वाऱ्यांत टॅनिन भरपूर असतं. दाणा दुधात असताना तो सगळ्यात तुरट असतो आणि पाखरं त्या शेताला कमी त्रास देतात. आफ्रिकेत आणि अमेरिकेत अशा जाती पाखरांच्या बंदोबस्तासाठी मुद्दाम लावतात. पण टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं, दाण्याचं पोषण घटतं आणि भाकरी तुरट लागते. आपल्या आज्यापणज्यांना पांढरीशुभ्र, गोडसर भाकरी हवी होती. पिढ्यानपिढ्या त्यांनी तसा दाणा निवडला. माणसाच्या जिभेनं झाडाची अंगची राखण काढून टाकली आणि मग त्या जागी माळ्यावर पोरं बसवली.

फळबागांचंही हेच झालं आहे, असं मला मनापासून वाटतं. रानातलं फळ तुरट, आंबट, बियांनी गच्च. आपण सालीतला कडवटपणा घटवला, बी कमी केलं, साखर वाढवली. प्रत्येक वेळी चव सुधारली आणि प्रत्येक वेळी पाखराच्या वाटेतला एकेक अडसर निघाला. मग जाळी आली, फटाके आले, चमकत्या फिती आल्या. जाळीत अडकून उलटा लोंबकळणारा बुलबुल ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

यावर रसायनाच्याच वाटेनं जाणारी उत्तरं आहेत. सुक्रेज नसलेली पाखरं ब्लूबेरी खातात, तर सुक्रोज जास्त असलेली ब्लूबेरीच का निपजवू नये, हा विचार फ्लोरिडात १९९० च्या दशकात गांभीर्यानं पुढं आला. माणसाला त्या फळाचा गोडवा तसाच लागेल, पाखराला मात्र ते पचणार नाही. मिथाइल अँथ्रानिलेटचा फवारा माणसाला निरुपद्रवी असतो, पण उन्हात तो लवकर उडतो आणि पावसात धुपतो, म्हणून फिरून फिरून मारावा लागतो. बंदुकीपेक्षा हे शंभर पटीनं शहाणपणाचं. तरी मला या सगळ्यात जास्त पटतं ते ॲशच्या बियांचं गणित.

बांध

बुलफिंचला बागेत ढकललं ते रिकाम्या ॲशनं. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ब्रिटनमध्ये बुलफिंचची संख्या झपाट्यानं घसरली आणि इनामाच्या यादीतलं पाखरू काळजीच्या यादीत आलं. २०१२ पासून तिथले ॲश बुरशीच्या रोगानं मरू लागले आहेत. कुंपणावरची झाडं आणि बागेतला बहर यांचा हिशेब वेगळा मांडता येत नाही, हे तिथं फार उशिरा ध्यानात आलं.

आपल्याकडं बांध दरवर्षी अरुंद होतोय. पळस तोडला जातो कारण त्याचं कोणी काही घेत नाही, सावर तोडली जाते कारण काडेपेटीच्या कारखान्याला लाकूड लागतं, पांगारा लोक ओळखेनासे झालेत. फाल्गुनात, रानात दुसरं काही नसताना, या तीन झाडांवर परिसरातली सगळी पाखरं पोसली जातात. यांतली काही पाखरं बागेतल्या किडी टिपायलाही येतात. कीड वाढली की बहराचं काय होतं, हे वरूडमध्ये कोणाला सांगावं लागत नाही. बांधावरची तीन झाडं तोडून जी जमीन मिळते तिच्यात संत्र्याचं एक झाड नीट वाढत नाही. तरी ती तोडली जातात.

काकाजींच्या शेजाऱ्यानं दोन वर्षांपूर्वी आपला बांध साफ केला. काकाजींना मी पांगाऱ्याबद्दल सांगितलं, त्याच्या रसातल्या सुट्या साखरांबद्दलही. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि थेट कामाचं विचारलं.

“काडी लागते का त्याची?”

“लागते काकाजी. मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडावर खोचायची.”

ते उठले, बागेच्या कडेनं चालत गेले आणि हात करून जागा दाखवू लागले. “पूर्वेले नाही लावत, बागेवर सावली येईन. उत्तरेच्या बांधाले लावतो. तिकडं नाला हाय, कोनाच्या वावरात सावली जात नाही. चार-पाच काड्या कोठून भेटतीन, तेवढं पाहा तुमी.”